आराम हाय का?

कापूस निघाला की बुलढाण्याहून धाडला जाणाऱ्या रस्त्यावरच्या बाभळींना पांढरी फुलं येतात. फुलं खरी नव्हेत. कापूस भरून जाणाऱ्या गाड्या कडेच्या झाडांना घासतात, पुंजके काट्यांना अडकतात, आणि आठवडाभर ती ओबडधोबड झाडं कुणीतरी सजवून ठेवल्यासारखी दिसतात. मग धूळ बसते आणि बाभळी पुन्हा बाभळी होतात. माझ्या तरुणपणी त्या गाड्या बैलांच्या होत्या, आता ट्रॅक्टर आहेत. काटे तेच आहेत. दरवर्षी ते पाहिलं की माझ्या ओटीपोटात, डाव्या बाजूला, काहीतरी हलल्यासारखं वाटतं. तिथं हलण्यासारखं आता काही उरलेलं नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पोटाला आठवणींखेरीज उद्योग नसतो.

यंदा दिवाळीनंतर एका नातेवाइकाच्या वास्तुशांतीला त्याच रस्त्यानं गेलो. गाडी माझी नात रेवती चालवत होती. ती पुण्यात नोकरी करते, सुटीला बुलढाण्याला आली होती. मी तिच्या शेजारी, गुडघे लांब करता यावेत म्हणून. मागे माझी लेक सुमन, म्हणजे रेवतीची आई, आहेराची पिशवी मांडीवर धरून. पिशवीपेक्षा जड काहीतरी तिच्या मनात होतं, हे मला घरून निघतानाच कळलं होतं.

रेवतीला गेल्या वर्षी पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तांबी बसवली. आपण तांबी म्हणतो, पण हिच्यात तांबं नाही, हॉर्मोन आहे. ते थेंबाथेंबानं पाझरत राहतं, पाच वर्षं तरी. मूल नको म्हणून नव्हे, तिचं लग्नही झालेलं नाही. दुखणं थांबावं म्हणून. तेराव्या वर्षापासून ही मुलगी दर महिन्याला न्हाणीघराच्या फरशीवर आडवी व्हायची, ओकायची, दोनदा परीक्षेला बसू शकली नाही. दुर्बीण घालून पाहिलं तेव्हा रोगाला नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असायचं ते अस्तर बाहेर, भलत्याच जागी वाढतं, आणि दर महिन्याला तिथंही रडतं. नाव एवढं लांब आहे की उच्चारून होईपर्यंत ऐकणाऱ्याची सहानुभूती संपते. तांबीनं हा रोग जात नाही, दबून राहतो, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. रेवतीचा दबला. पाळी थांबली, दुखणं थांबलं.

आणि सुमनची झोप उडाली.

"यायचं ते येत नाही, म्हणजे आत कुठं साचतं ते?" धाडच्या अलीकडे तिनं तोंड उघडलं. "बाहेरची वस्तू पोटात ठेवायची वर्षानुवर्षं? सोमवारी मी आपल्या ओळखीच्या बाईंची वेळ घेतली आहे. काढून टाकू. आई, तू सांग हिला. तुझं ऐकते ती. आपल्या घरात कुणाला असलं काही नव्हतं, सांग ना."

रेवतीनं रस्त्यावरची नजर काढली नाही. पुण्यात ती 'मला-तुला' करते. बुलढाणा मागं पडलं की मोबाइलची रेंज जावी तसं तिचं ते 'मला-तुला' जातं. "आजी," ती म्हणाली, "तुले व्हायचं का असं?"

मी म्हटलं, "बघ, बाभळी कशा दिसून राहिल्यात."

बाभळी खरंच चांगल्या दिसत होत्या.

*

मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेच्या कपाटात तीन रबरी शिक्के होते. एक मध्यप्रदेशाचा, एक मुंबई राज्याचा आणि एक नवाकोरा महाराष्ट्राचा. दहाएक वर्षांत तीन राज्यं येऊन गेली आणि गावाला त्यासाठी जागचं हलावं लागलं नाही. शाळा मुलींची होती, चार खोल्यांची, धाडच्या पुढे दोन कोसांवर. गावाचं नाव सांगत नाही, तिथले लोक अजून ओळखीचे आहेत. मी नव्या शिक्क्याची बाई. पंचविशीतली, एका मुलीची आई. सुमन तेव्हा तीन वर्षांची होती. यजमान चिखलीला कापसाच्या जिनिंग कारखान्यात होते, बाजाराच्या दिवशी घरी यायचे. घरात मी, सुमन आणि सासूबाई.

माझं पोट चौदाव्या वर्षापासून दुखायचं. लग्न झालं की थांबेल म्हणाले. लग्न झालं. मूल झालं की थांबेल म्हणाले. मूल झालं. मग कुणी काही म्हणेना, कारण सांगण्यासारखी पुढची पायरी कुणाकडे नव्हती. महिन्याचे चार दिवस सासूबाई मला ओसरीवर बाहेर बसवायच्या. खरं सांगायचं तर त्या ओसरीचा मला राग नव्हता. विटाळाच्या नावाखाली का होईना, आडवं होता यायचं. अडचण एवढीच की सरकार विटाळ पाळत नव्हतं. घरी ओसरीवर बसलेली बाई शाळेत फळ्यासमोर उभी असायची. पोटात कळ आली की मी मुलींकडे पाठ करून फळ्यावर लिहीत राही. सुविचार, पाढे, तारीख, वार, जे सुचेल ते. त्या वर्षी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी माझ्या वळणदार अक्षराबद्दल शेरा दिला होता. तो शेरा खरं म्हणजे माझ्या पोटाला द्यायला हवा होता.

आणि जिकडेतिकडे कापूस. घरात खोल्या भरून, अंगणात, वाटेवर, बायांच्या केसांत, पोरांच्या नाकात. जिल्हाभर पांढरं सोनं पिकत होतं आणि आम्ही बाया जुन्या लुगड्यांच्या धडुत्यांवर महिने काढत होतो. कापूस विकायचा असतो. हे इतकं उघड होतं की कुणाच्या मनात प्रश्नही येत नव्हता. माझ्याही आला नाही. आता येतो, पण आता उपयोग नाही.

*

त्या वेचणीच्या दिवसांत गावात एक जीप आली. वर कर्णा बांधलेला. "माता-भगिनींनो, लूप बसवा, आराम मिळवा!"

ज्या कुणी साहेबानं हे वाक्य तयार केलं, तो आमच्या भागातला नसावा. त्याला म्हणायचं होतं, बाळंतपणं थांबतील, शरीराला विसावा मिळेल. पण आमच्याकडे आराम म्हणजे विसावा नव्हे. विसाव्यासाठी आमच्या बायांकडे शब्दच नव्हता, कधी लागला नसावा. आराम म्हणजे दुखणं जाणं. औषध लागू पडलं की माणसाला आराम पडतो. रस्त्यात कुणी भेटलं की विचारायचं, "आराम हाय का?" आणि समोरच्यानं म्हणायचं, "हाव, आराम हाय." त्या प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं. अंगात ताप असलेला माणूसही हेच उत्तर देतो आणि ओकायला भिंतीआड जातो.

त्यामुळे जीप जाताच गावात बातमी पसरली की सरकारनं एक वस्तू काढली आहे, बसवली की आराम पडतो. कशाला, ते कर्ण्यानं सांगितलं नव्हतं. म्हणजे सगळ्याला.

शिबिर आमच्याच शाळेत झालं. मुली सकाळी आठपासून हातात कागदी झेंडे घेऊन उभ्या. पाहुणे अकराला आले. तोवर दोन मुलींना भोवळ आली होती. त्यांना सावलीत निजवून त्यांच्या हातचे झेंडे दुसऱ्यांना दिले. पाचवीच्या खोलीत सतरंज्या आणि पडदे लावून तपासणीची सोय केली होती आणि तिच्या दाराला लाल फीत बांधली होती. तबकात कात्री. ज्या खोलीत बायांनी आडवं व्हायचं, तिची फीत एका पुरुषानं कापली आणि दहा पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. भाषणात 'नवमहाराष्ट्र' किती वेळा आला ते मी मोजत होते, पण मध्येच कळ आली आणि हिशेब चुकला. मग पाहुण्यांनी ती वस्तू दोन बोटांत धरून उंच केली. पांढरी, वळणावळणाची, प्लास्टिकची. "ही एवढीशी वस्तू!" ते म्हणाले.

मागून एका बाईचा आवाज आला, "काय हाय वं ते? शेवयी दिसते."

रांग लागली. रांगेत माझ्या पुढे गंगामाय होती. सत्तरीची, कमरेत वाकलेली, वेचणीला अजून जाणारी. तिचा नंबर आला तशी ती दारातच सिस्टरला म्हणाली, "माह्या घुटन्याले बसवा, बाई. दोन्हीले नाही जमत तं उजव्याले तरी बसवा."

अंगण हसलं. पाहुणे हसले, मुख्याध्यापक हसले, झेंडेवाल्या मुली काही न कळता हसल्या. मीही हसले, मोठ्यांदा, कारण मी शिकलेली होते. गंगामाय सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. "काऊन हासता बे?" ती म्हणाली. "तुमीच तं म्हनलं ना, आराम पडते."

आणि मी का उभी होते त्या रांगेत? मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं की बाईंनी स्वतः उदाहरण घालून द्यावं, हे खरं. पण मी त्यासाठी गेले नव्हते. मलाही वाटलं होतं की पोटात काही बसवलं की पोटाला आराम पडेल. गंगामायची चूक आणि माझी चूक एकच होती. माझी शुद्ध मराठीत होती एवढंच.

*

सिस्टरचं नाव यशोदा. वर्ध्याकडची, बौद्ध, तिशीची, एकटी राहायची. तिच्या हातचं पाणी गावातल्या बाया पीत नसत. बाळंत व्हायला मात्र तिचे हात चालायचे. बाळ बाहेर आलं की पुन्हा चालत नसत. तिला याचं काही वाटायचं की नाही, कळायचं नाही. ती कामाच्या गोष्टी बोलायची.

"किती मुलं?"

"एक."

"पुरे?"

"पुरे." मग मी हळूच विचारलं, "सिस्टर, माझं पोट दुखतं. याला आराम पडेल ना?"

बाहेर तीस बाया होत्या आणि लाउडस्पीकरवर आभारप्रदर्शन सुरू होतं. ती म्हणाली, "पडंल."

पडला नाही. पडणार नव्हताच. त्या लूपमध्ये हॉर्मोन नव्हतं की औषध नव्हतं, ती नुसती वस्तू होती. चार दिवसांचे नऊ झाले, नवाचे बारा. बारा दिवस ओसरीवर बसणं कुणालाच परवडणारं नव्हतं. पाचव्या दिवशी मी न्हाऊन घरात जायची आणि तशीच वावरायची. देवाला दिवा लावला. लोणच्याच्या बरणीत हात घातला. लोणचं नासलं नाही. त्या हिवाळ्यात माझा बऱ्याच गोष्टींवरचा विश्वास उडाला, त्याची सुरुवात त्या बरणीपासून झाली.

त्या दिवसांचं नेमकं काय आठवतं म्हणाल तर दुखणं आठवत नाही. ते एका हद्दीपर्यंत दुखतं. त्यापुढे शेजारच्या घरात कुणी जातं ओढावं तसं होतं. घरघर ऐकू येते, आपल्याला काही करायचं नसतं. सुमन पदराला धरून काही मागायची, मी द्यायची. ती हसली की मी हसायची, तिला पाहून, जरा उशिरानं. बाजाराच्या दिवशी यजमान यायचे, पिशवी खुंटीला लावता लावता विचारायचे, "आराम हाय का?" ते भले गृहस्थ होते. खरं उत्तर दिलं असतं तर ते पिशवी घेऊन तसेच उभे राहिले असते, त्यांना पुढचं काही सुचलं नसतं. म्हणून मी म्हणायची, "हाव, आराम हाय." आणि ज्वारीची भाकरी तव्यावर टाकायची.

पौषात मी सिस्टरकडे गेले. काढा म्हटलं.

"काढतो जी," ती म्हणाली. "पन जिल्ह्याच्या साहेबाचा दौरा होऊ द्या. पहिली केस तुमची, तुमचा फोटू लागला दवाखान्यात. तुमचीच काढली तं बाकीच्या बाया मले दारात उभी करनार नाहीत. आन साहेब मले मेळघाटात पाठवतीन." मग ती म्हणाली, "महिनाभर सोसा, बाई."

सोसणं मला येत होतं. दुसरं काही शिकवलेलं नव्हतं.

*

साहेब होळीच्या आधी आले. पुन्हा मांडव, पुन्हा झेंडे. मला व्यासपीठावर बोलावलं, हारही घातला. हार झेंडूचा होता आणि ओला होता, पाठीवर पाणी ओघळत होतं. खाली गावातल्या बाया बसलेल्या. मी खुर्चीवर बसत नव्हते. लोकांना वाटलं, विनय. मला भीती होती ती लुगड्याची.

साहेबांनी माइक माझ्यापुढे धरला. चांगले होते बिचारे, हसून विचारलं, "काय बाई, आराम आहे का?"

मी फार वेळा या क्षणाकडे परत गेले आहे. मला कुणी धमकावलं नव्हतं. सिस्टर मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती आणि जमिनीकडे पाहत होती, माझ्याकडे नाही. मी 'नाही' म्हटलं असतं तर फार तर गोंधळ झाला असता. पण तो प्रश्नच असा की तोंडातून उत्तर आपोआप येतं.

"हो," मी म्हटलं. "आराम आहे."

टाळ्या झाल्या. त्या दुपारी अकरा बाया पाचवीच्या खोलीत गेल्या. त्यातल्या काहींना ती वस्तू खरंच मानवली. सहा लेकरांची एक बाई पुढे कित्येक वर्षं मला पाहून हात जोडायची, हेही सांगायला हवं. पण तीन-चार जणी पुढच्या महिन्यापासून माझ्यासारख्याच पांढऱ्या दिसायला लागल्या. त्या मला काही म्हणाल्या नाहीत. रस्त्यात भेटल्या की मी विचारायची, "आराम हाय का?" त्या म्हणायच्या, "हाव, बाई."

मांडव मोकळा झाल्यावर गंगामाय काठी टेकत आली. तिच्या गुडघ्याला अर्थातच कुणी काही बसवलं नव्हतं.

"तुले खरंच आराम पडला का वं, पोरी?"

"हाव, माय."

"मंग तोंड काऊन पांढरं पडलं?"

मी सांगितलं, कापूस उडून राहिला सगळीकडे.

*

दौऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुटीत मी सिस्टरच्या क्वार्टरवर गेले. एक खोली, भिंतीवर बुद्धाची तसबीर, स्टोव्हवर अवजारं उकळत ठेवलेली. काढायला फार वेळ लागला नाही. वस्तू कागदात गुंडाळून तिनं बाजूला ठेवली. मग घागरीतलं पाणी पेल्यात घेतलं आणि स्वतःच प्यायला लागली. मला विचारायची तिची पद्धत नव्हती. मी म्हटलं, मलाही द्या. तिनं पेला विसळला, भरला, दिला.

"शिबिरात तुमी आराम इचारला ना, भोंग्यापायी तेवढंच आयकू आलं," ती म्हणाली, "मले वाटलं, तुमी भाषनातलाच आराम म्हनता."

"मला वाटलं, भाषणातही माझाच आराम म्हणतात."

ती हसली नाही. "बाई, तुमचं दुखनं लूपच्या आधीचं हाय. लूपनं वाढवलं, पन ते आधीचं हाय. समद्या बायांचं दुखते तसं हे नाही, मी लय बाया पाह्यल्या. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. मी चिठ्ठी लिहून देतो."

तिनं चिठ्ठी लिहिली. अक्षर माझ्यापेक्षा वाईट होतं. अकरा वर्षं दुखल्यावर 'हा रोग आहे' असं म्हणणारं ते पहिलं माणूस. आणि शेवटचंही, कारण मी नागपूरला गेले नाही. वार्षिकचे पेपर होते, मग सहामाही, मग सासूबाई पडल्या. चिठ्ठी सुमनच्या बाळलेण्यांच्या डबीत ठेवली होती. पुढच्याच वर्षी यशोदा सिस्टरची बदली झाली. मेळघाटातच.

पुढची तीस वर्षं मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. एक दिवस पाळी गेली, तिच्याबरोबर कळाही गेल्या, आणि मला आनंद झाला नाही, दुःखही झालं नाही. शेजारचं जातं थांबलं, एवढंच कळलं.

*

वास्तुशांतीचं जेवण झालं. ते घर किती पैशात झालं हे आम्हाला चार जणांनी वेगवेगळ्या आकड्यांत सांगितलं. गच्चीवर नेऊन कापसाची शेतं दाखवली. उतरताना माझे गुडघे कुरकुरले. परतताना ऊन कललं होतं आणि बाभळींवरचा कापूस पिवळसर दिसत होता. सुमननं पुन्हा धाडच्या अलीकडेच विषय काढला. "आई, तू बोलणार होतीस."

ती पंधरा वर्षांची असताना एकदा पोट धरून माझ्याकडे आली होती. मी म्हटलं होतं, "होतंच असं." दर वेळी तेच म्हटलं. अडतिसाव्या वर्षी अकोल्याला तिची पिशवी काढली. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, आईला काही त्रास होता का? सुमननं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं. तेव्हापासून आमच्या घरात कुणाला काही नव्हतं.

"मला होतं," मी म्हटलं.

"काय होतं?"

"हेच. चौदाव्या वर्षापासून."

आणि मग मी ते सगळं सांगितलं जे वर लिहिलं आहे. फीत, शेवयी, गंगामायचा गुडघा, लोणचं, हार, चिठ्ठी. बोलताना माझा आवाज हजेरी घेतल्यासारखा येत होता. रेवतीनं गाडी कधी बाजूला घेऊन उभी केली ते लक्षात आलं नाही.

"म्हणजे तूच सांगते आहेस ना," सुमन म्हणाली, "की बसवून आणखी वाईट झालं."

हीच भीती मला होती. तोंड न उघडण्याचं अर्धं कारण तेच होतं. "ती वस्तू वेगळी, ही वेगळी," मी म्हटलं. "आणि मला या तांबीचाही भरवसा नाही. जिची जाहिरात होते, अशा कुठल्याच गोष्टीचा नाही. मला हिला विचारू दे." मी रेवतीकडे वळले. "आराम हाय का तुले? भाषणातला सांगू नको."

तिनं वायपर फिरवून काचेवर बसलेला कापसाचा तंतू उडवला.

"दुखत नाही, आजी. पहिले चार-पाच महिने डाग पडून राहिले होते, उगाच रडू येत होतं. आता काहीच होत नाही. कधी कधी एवढं काहीच होत नाही की वाटते, पोट दुसऱ्या कुणाचं तरी हाय. त्याले आराम म्हनतात का, मले नाही माहीत. पण वर्षभरात मी एकदाही फरशीवर निजली नाही. महिन्यात तीस दिवस असतात, हे मले आत्ता कळलं."

"काढायची?"

"नाही. त्रास झाला तं मीच जाईन डॉक्टरकडे. मीच सांगीन."

असं उत्तर त्या व्यासपीठावर मला देता आलं असतं. इतकंच लांब, इतकंच अर्धवट. त्याला टाळ्या पडल्या नसत्या.

मागं सुमन खिडकीबाहेर पाहत होती. "मला का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. रागानं नाही. नुसतं विचारलं, हरवलेली वस्तू कुठं ठेवली होती म्हणून विचारावं तसं. उत्तरासाठी ती थांबली नाही. पर्समधून फोन काढला, चष्मा वर सरकवला, आणि ओळखीच्या बाईंशी बोलली. "नाही, सोमवारी नाही येत आम्ही. नाही, नंतरचीही नको." फोन ठेवल्यावर ती उरलेला रस्ताभर हात पोटावर ठेवून बसली होती. तिथं आता पिशवी नाही, टाक्यांची रेघ आहे.

बुलढाण्याला पोचेपर्यंत अंधारून आलं. गार वारा सुटला होता. रेवतीनं दारापाशी गाडी लावली, वळसा घालून माझ्या बाजूला आली, दार उघडून हात दिला. मी एक पाय खाली टेकला आणि तशीच थांबले.

"काय झालं?" ती म्हणाली. "घुटने? आराम हाय का?"

तोंड सवयीनं उघडलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "दुखतात."